हातभर पट्टा

ता. ६ मार्च

तीर्थरूप आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. स्टुलावर चढून पडदा लावायला तुला कोणी सांगितलं होतं, हे मी विचारत नाही, कारण उत्तर मला माहीत आहे. आता प्लास्टर निघेपर्यंत तरी शिलाई मशीनच्या पायट्यावर तो पाय ठेवू नकोस. फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनानंच भरतेस, म्हणून इथली सगळी हकीकत लिहूनच कळवतो.

हे पत्र मी उभ्यानं लिहितोय. कागद कपाटाच्या फळीवर आणि बटण छातीशी बांधलेली. पाच आठवड्यांच्या जिवानं आमच्या घराला असं कामाला लावलंय की विचारू नकोस. मी चालत असलो की ती झोपते. थांबलो की एक डोळा उघडते. बसलो की तोंड उघडते. त्यामुळे स्वयंपाकघर ते खिडकी सोळा पावलं, परत सोळा पावलं, हाच माझा दिवस. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला वर-खाली जायची सवय असते, हे आडवं जाणं नवीन आहे.

बाळ बांधायचं ते कॅरियर आमच्या वर्कशॉपमधल्या वायरमननं दिलं. त्याची मुलं आता शाळेत जातात. वस्तू एकदम मजबूत. कमरेला एक रुंद पट्टा, खांद्यांवर दोन, मध्ये बाळ. अडचण एवढीच, की वायरमन दोन माणसांएवढा आणि मी तुझी टाचणी. कमरेचा पट्टा आवळला की पुढे हातभर शेपूट लोंबायचं, आणि त्याचं दुमडून शिवलेलं जाडजूड टोक दाराच्या कडीत अडकायचं. लोंबतं काही मला बघवत नाही, हा तुझाच गुण. कात्री घेतली, माझ्या कमरेला पुरून चार बोटं उरेल एवढं ठेवून बाकीचं कापलं, कड काडीनं भाजली म्हणजे धागे सुटणार नाहीत. कापलेला तुकडा टूलबॉक्सच्या मुठीला गुंडाळला. तो मस्त बसला.

तुझी सूनबाई बरी आहे. विश्रांती घेते. माझी रजा ९ एप्रिलपर्यंत.

माझ्यावरचा लोभ कमी करून थोडा स्वतःच्या पायावर कर, ही विनंती.

तुझा,
टाचणी


ता. १२ मार्च

चि. टाचणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून हसले, म्हणून शेजारीण डोकावून गेली. पाय ठीक आहे. खाज सुटते, आणि आत विणकामाची सुई घालायला डॉक्टरांनी मनाई केली आहे. मी घातली ते त्यांना कळलेलं नाही.

तुझ्या त्या पिशवीला तू कॅरियर म्हण, मी पिशवीच म्हणणार. सुरुवातीला मनात आलं, की असं सारखं अंगाला बांधून पोर सोकावेल. मग आठवलं, तुला मी कापडाच्या गठ्ठ्यावर निजवून मशीन चालवायचे आणि मशीन थांबलं की तू भोंगा लावायचास. त्यामुळे या विषयावर मी गप्प बसलेली बरी.

पण कात्री लावायची घाई कशाला केलीस? वाढलेलं दुमडून आत टाचायचं असतं. माझ्या दुकानात वीस वर्षं हेच पाहिलंस आणि शिकलास नेमकं उलटं. शिवणीला माया सोडल्याशिवाय कापड कापू नये, हे मी तुला तू पोटात असल्यापासून सांगत आले असेन.

सूनबाई बरी आहे, विश्रांती घेते. हे तू दोन ओळींत लिहिलंस. पट्ट्यावर मात्र दहा ओळी. तिला म्हणावं, चार अक्षरं खरडून पाठव. फोटोच्या चौकटी करणारी बाई ती, तिचं अक्षर पट्टीनं आखल्यासारखं असतं. मला ते बघायला आवडतं.

बटणच्या दोन्ही तळव्यांना माझ्याकडून एकेक पापा.

इथून लोभाची वाटणी तिघांत सारखी केली आहे, भांडू नका.

तुझी,
आई


ता. २० मार्च

तीर्थरूप आईस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. दोन्ही हात मोकळे असण्याची वेळ हल्ली फारशी येत नाही.

बटण साडेचार किलोची झाली. नाक तुझं, आवाजही तुझाच. आता घर पुरत नाही म्हणून जिन्यात जातो. चार मजले खाली, चार मजले वर. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांना वाटतं लिफ्ट बंद आहे, ते रोज माझ्याकडे तक्रार करतात. मी रोज सांगतो की चालू आहे. त्यांचा विश्वास बसत नाही, कारण लिफ्टवाला स्वतःच जिन्यानं जातोय.

गेल्या आठवड्यात एकदा कमरेचा पट्टा बकलातून सरकला. कुणाला काही झालं नाही, तू काळजी करू नकोस. पण पुन्हा तसं व्हायला नको, म्हणून मी पट्टा बकलापाशी कायमचा शिवून टाकला. तू शिकवलेली उलटी टीप, दुहेरी दोरा, चार ओळी. माझ्या कमरेला चपखल. आता मी ते अंगरख्यासारखं डोक्यातून घालतो. हत्ती लटकला तरी सुटणार नाही. तू पाहिलंस तर पाठ थोपटशील.

रजेचं जरा अवघड दिसतं. साहेबांकडे महिनाभर वाढवून मागितली. ते म्हणाले, नाही. मी म्हणालो, मग बटणला बांधूनच कामावर येतो. ते म्हणाले, लिफ्टच्या खड्ड्यात बाळ आणायची परवानगी त्यांच्या अधिकारात नाही. दहा तारखेला काय करायचं याचा विचार चालताना करतो, आणि सारखा चालतच असल्यामुळे सारखा करतो. डोकं थांबत नाही. रात्रीचं सोड, दिवसाही आडवा झालो की पाय आपोआप हलतात.

सूनबाई आतल्या खोलीत असते. दूध पाजते, बटणचे कपडे घड्या करून ठेवते, इतक्या नीट की वापरायला मन होत नाही. पत्र लिहीन म्हणाली आहे.

तुझा लोभ आहे म्हणून पाय चालताहेत.

तुझा,
टाचणी


ता. २६ मार्च

चि. टाचणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पाठ थोपटत नाही. तुझं पत्र दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना हातातला चहा गार झाला.

पट्टा तुझ्या मापाला शिवून टाकलास. मग सूनबाई तो बांधणार कशी? तुझ्या कमरेत तिचा एक पाय जाईल. तुझ्या दोन्ही पत्रांत पिशवी बांधून तूच चालतोस, तूच जिने चढतोस, तूच रजा मागतोस. ती बसलेली असते, नाहीतर घड्या घालत असते. बाळाला घेऊन ती उभी आहे असं एकही वाक्य मला सापडलं नाही. मी चष्मा पुसून शोधलं.

दहा तारखेला तू कामावर गेलास की ते पोर कोणाच्या अंगावर झोपणार, याचं उत्तर तुझ्या चार मजल्यांच्या जिन्यात नाही. ते आतल्या खोलीत आहे. तू चांगला बाप आहेस, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण चांगुलपणाच्या भरात तू दार लावून घेतलंस की काय, अशी मला धास्ती वाटते आहे.

ती टीप उसव. आणि पट्टा सरकला म्हणजे नेमकं काय झालं, ते मला लिही. कुणाच्या अंगावर होता?

तिला मी वेगळं पत्र टाकते आहे. ते उघडू नकोस.

रागावले आहे, तरी लोभात काटछाट केलेली नाही.

तुझी,
आई


ता. २६ मार्च

चि. सौ. सूनबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र येईल म्हणून वाट पाहिली, आता मीच लिहिते. माझा मुलगा पानंच्या पानं लिहितो आणि मुख्य गोष्ट गाळतो. लहानपणी परीक्षेतही तसंच करायचा.

काय झालं ते मला सांगशील का? सासू म्हणून विचारत नाही. कपडे शिवणारी बाई म्हणून विचारते. गिऱ्हाइकानं नेमकं कुठं टोचतंय ते सांगितलं, तरच मला दुरुस्त करता येतं. नुसतं बरं आहे म्हटलं की ते कपडा कपाटात टाकतात आणि पुन्हा घालत नाहीत.

सांगावंसं वाटलं नाही तर सांगू नकोस. नुसतं तुझ्या त्या आखीव अक्षरात बटणचं वजन कळव.

लोभ आहे, हे तुला वेगळं लिहून कळवायची वेळ यायला नको होती.

तुझी,
आई


ता. २ एप्रिल

ती. आईंना,
सा. न. वि. वि.

बटणचं वजन चार किलो नऊशे ग्रॅम.

आता दुसरी गोष्ट. तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मी कुणालाही सांगितलेलं नाही, तुमच्या मुलाशीही मी त्यावर बोललेले नाही.

दुकानात दिवसभर माझ्या हातात काच असते. सात वर्षांत एकही तावदान माझ्या हातून फुटलेलं नाही. मालक मोठ्या चौकटी मलाच देतात. मला माझ्या हातांची खात्री होती.

चौदा मार्चला दुपारी मी पहिल्यांदाच बटणला कॅरियरमध्ये बांधलं. तोपर्यंत टाकेच दुखत होते. कमरेचा पट्टा मला खूप सैल करावा लागला, अगदी टोकापर्यंत, कारण बाळंतपणानंतर माझी कमर काही तुमच्या मुलासारखी राहिलेली नाही. बकल लावलं, ओढून पाहिलं. मी चालले आणि ती माझ्या अंगावर झोपली. मला इतकं बरं वाटलं की मी गुणगुणायला लागले. मग चमचा खाली पडला. मी वाकले. पट्टा बकलातून निसटून गेला आणि बटण बाजूनं खाली घसरली. मी तिला एका पायाला धरलं. तिचं डोकं फरशीपासून वीतभर होतं. मी मोजत बसले नाही, पण ती वीत मला अजून दिसते.

तिच्या रडण्यानं तो धावत आला. माझ्या हातातून त्यानं तिला घेतलं. तो मला काही बोलला नाही. ओरडला असता तर मी ओरडले असते, आणि तिथंच संपलं असतं. संध्याकाळी मी दारातून पाहिलं, तो खिडकीपाशी बसून पट्टा शिवत होता. दातानं दोरा तोडला, दोन्ही हातांनी ओढून पाहिला, आणि त्याला बरं वाटलेलं मला त्याच्या पाठीवरून दिसलं. मला जे समजायचं ते समजलं. हे आता माझ्यासाठी नाही.

तेव्हापासून मी तिला पलंगावर बसूनच घेते. भिंतीला उशा लावते. उभी राहून मी तिला घेतलेलं नाही, आज एकोणीस दिवस झाले. तो दिवसभर चालतो आणि मी त्याच्या पावलांचा आवाज ऐकत बसते. दहा तारखेनंतर घरात पावलंच वाजणार नाहीत, या विचारानं मला घेरी येते. त्याला वाटतं मी थकले आहे. मी थकलेली नाही. मला तिला इतकं घ्यावंसं वाटतं की हात मांडीखाली दाबून बसावं लागतं.

तो फार चांगला आहे. हे त्याच्याविरुद्ध लिहिलेलं समजू नका.

तुमचा लोभ राहावा अशी माझी वागणूक नसली तरी तो राहावा.

तुमची,
सून


ता. ५ एप्रिल

चि. सौ. सूनबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मी मांडीवर ठेवलं आणि शेजारी टाचणीचं सहा मार्चचं पत्र ठेवलं. दोन्ही एकत्र वाच, म्हणजे तुलाही दिसेल. त्याचं पत्र सोबत पाठवते आहे, त्या ओळींखाली मी खडूनं रेघ मारली आहे.

असल्या प्रत्येक पट्ट्याचं टोक दुमडून जाड शिवलेलं असतं. ती शोभा नसते. पट्टा कितीही सैल केला तरी ते जाड टोक बकलात अडकतं आणि पट्टा निसटत नाही, एवढ्यासाठीच ते असतं. माझ्या मुलाला ते लोंबतं दिसलं, म्हणून त्यानं कापलं. शिवाय कापलं ते स्वतःच्या कमरेच्या मापानं. त्याच्या अंगावर तो पट्टा आवळलेला राहिला आणि टोक बकलाच्या चार बोटं पुढे राहिलं, म्हणून त्याला कधी कळलं नाही. तुझ्या अंगावर तो टोकापर्यंत सैल झाला आणि तिथं अडवायला काही नव्हतं. तुझ्या जागी पहिलवान असता तरी तो सुटला असता.

तुझे हात चुकले नाहीत. सुटलेल्या पट्ट्यातून पोर एका हातानं धरलं ते त्याच हातांनी. हे मी समजूत घालायला लिहीत नाही. चाळीस वर्षं कापड हाताळते आहे, चूक कुणाची ते शिवण बघून सांगते.

थोडी चूक माझीही आहे. लोंबता दोरा दिसला की काप, हे मीच त्याच्या डोक्यात भरलं. का लोंबतोय ते आधी बघ, हे सांगायचं राहिलं.

सोबत नवा पट्टा आहे. हातानंच शिवला, पायटा मारायची बंदी पाळली आहे. एका टोकाला घट्ट दुमड घातली आहे, आणि वायरमनलाही पुरेल एवढा लांब ठेवला आहे. शेजारणीच्या मदतीनं मशीनचं डोकं त्याला बांधून दाराच्या वरच्या कडीला दिवसभर टांगून ठेवलं. ते बारा किलोंचं आहे. कडी वाकली, पट्टा नाही.

जुनी टीप तू स्वतः उसव. तो मदतीला आला तर देऊ नकोस. चार ओळी आहेत आणि त्याचे टाके बारीक असतात, तेव्हा वेळ लागेल. नवा पट्टा बसवलास की आधी बटणच्या वजनाची पिठाची पिशवी बांध आणि दहा वेळा वाक. हवं तर मुद्दाम चमचा टाक. मग तिला घे.

त्याला मी यातलं काही लिहिलेलं नाही. सांगायचं की नाही, आणि कसं, ते तू ठरव. मी सांगितलं तर तो माझ्याशी हुज्जत घालेल आणि तुझ्याकडे बघायचं राहून जाईल.

लोभाला तुझी वागणूक लागत नाही. तो शिवतानाच आत धरलेला असतो.

तुझी,
आई


ता. १४ एप्रिल

तीर्थरूप आईस,
शि. सा. न. वि. वि.

तू विचारलं होतंस, पट्टा सरकला तेव्हा कुणाच्या अंगावर होता. मी उत्तर टाळलं. आता तुला सगळं माहीत आहे, मलाही.

रजेचा शेवटचा दिवस होता, नऊ तारीख. बटण दूध पिऊन आत झोपली होती. मी केमिस्टकडे आणि बाहेरच्या बाकीच्या कामांना जाऊन आलो, दोन तासांनी. खुंटीवर कॅरियर नव्हतं. टेबलावर दोऱ्याचे बारीक तुकडे, एका ओळीत लावून ठेवलेले. चारही ओळींचे. शेजारी पिठाची पिशवी, जमिनीवर चमचा, आणि कपाखाली दोन पत्रं. एक माझं, खडूच्या रेघांचं. एक तुझं.

तुझं पत्र मी उभ्यानंच वाचलं. मग टूलबॉक्सकडे गेलो. मुठीला गुंडाळलेला तो तुकडा सोडला. जाड दुमड तिथं होती, आई. महिनाभर माझ्या हाताखाली होती. मूठ चांगली धरता येते म्हणून मी खूश होतो. रोज लिफ्टच्या दोराची टोकं तपासणारा माणूस मी, आणि हे मला दिसलं नाही. ती वाकली, ती चुकली, असंच मी धरून चाललो. बोललो नाही, हा माझा मोठेपणा वाटत होता मला.

खिडकीतून पाहिलं तर ती खाली फुटपाथवर होती. बटण छातीशी. समोरच्या भिंतीपर्यंत जायची, वळायची, परत यायची. मी धावत जिन्यापर्यंत गेलो आणि थांबलो. मग घरातच चालायला लागलो. स्वयंपाकघर ते खिडकी, सोळा पावलं. हात रिकामे, आणि तरी मी शर्टाच्या बटणांवर थोपटत होतो, असं बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं. इतके दिवस ती हात मांडीखाली दाबून बसत होती, हे तिनं नंतर सांगितलं, तेव्हा मला ते लगेच कळलं.

ती चाळीस मिनिटांनी आली. लिफ्टनं आली. मी काय बोललो ते इथं लिहीत नाही, ते मला नीट बोलता आलं नाही. रडलो, एवढं लिहितो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की पीठ सांडलंय, ते आधी पूस, पाय घसरेल. मग म्हणाली की ती अजून रागावलेली आहे आणि थोडे दिवस राहणार आहे. मी म्हणालो, राहा. नंतर तिनं दुकानातली एक गोष्ट सांगितली आणि आम्ही दोघं हसलो, बटण दचकून उठेपर्यंत.

दहा तारखेला मी कामावर गेलो. घरी पावलं वाजतात. मास्तरांची तक्रार आता तिच्याकडे असते.

काल सुट्टी होती. बटणला फिरवून आणू म्हणून मी खुंटीवरून कॅरियर काढलं आणि बांधलं, तर ते माझ्या अंगावर ढगळ. पट्टा सूनबाईच्या मापाला लावलेला. मी आवळून घेतला. पुढे हातभर शेपूट लोंबायला लागलं, दाराच्या कडीत अडकलं, मी ते सोडवलं. हात सवयीनं कात्रीच्या खणाकडे गेला होता. सूनबाई बघत होती. मी खण लावून टाकला.

लोंबतंय. लोंबू दे.

तुझा पाय बरा झाला की ये. आम्हा तिघांवर तुझा लोभ आहे, तो असाच हातभर जास्त असू दे.

तुझा,
टाचणी